दुपारी दीडच्या बाई

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी बाईंनी मला स्टुडिओच्या दाराशी अडवलं आणि चपला बाहेर काढायला लावल्या. मला वाटलं, आत देव्हारा असेल. आत दोन माईक, एक लोखंडी टेबल, चार खुर्च्या आणि कोपऱ्यात विजेची शेगडी. मी विचारलं, देव कुठे आहेत? बाई म्हणाल्या, देव नाहीत, पण घर आहे, आणि माईंच्या घरात कुणी चपला घालून येत नाही. या माई कोण, हे विचारायचं धाडस मला दुपारपर्यंत झालं नाही. दुपारी कळलं की माई म्हणजे त्या स्वतःच.

गंगापूर रोडवर एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटंसं रेडिओ स्टेशन होतं. सकाळी भजनं, संध्याकाळी फर्माइशी आणि दुपारी दीड वाजता ‘गंगेकाठचं बिऱ्हाड’ ही मालिका; ती बाई लिहायच्या आणि तिच्यातल्या माईंचं कामही त्याच करायच्या. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, त्यामुळे बाहेरगावचा कुणी पाहुणा ऐकायला बसला की त्याला ती काशीची गोष्ट वाटायची. मी ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर बसायचे. म्हणजे बटणं माझ्या हातात होती, एवढंच. बाकी सगळं बाईंच्या हातात.

बाईंचं वय तेव्हा साठीच्या अलीकडे-पलीकडे. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत आजचा भाग असे, हिंगाची डबी असे आणि फोडणीची लोखंडी पळी असे. पेन मात्र कधीच नसे. ते त्या माझ्याकडून मागून घेत आणि परत देत नसत.

ही मालिका सुरू कशी झाली याच्या तीन हकिकती आहेत आणि तिन्ही बाईंनीच सांगितलेल्या आहेत. त्यातल्या त्यात खरी वाटते ती अशी. स्टेशन नवं होतं. दुपारी एक डॉक्टर श्रोत्यांच्या शंकांना उत्तरं द्यायचे. ते परदेशी मुलाकडे गेले आणि तिथेच रमले. दुपारची पंधरा मिनिटं मोकळी पडली. बाई तेव्हा आठवड्यातून एकदा पाककृती सांगायला यायच्या. तेव्हाच्या साहेबांनी त्यांना विनवलं की महिनाभर काहीतरी बोलून वेळ मारून न्या. बाईंनी वांग्याचं भरीत सांगायला घेतलं आणि सांगता सांगता ते वांगं ज्या घरात भाजलं जातंय, तिथल्या सासू-सुनेचं भांडणही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी लोकांचे फोन आले. भरताबद्दल कुणी विचारलं नाही, भांडणाचं पुढे काय झालं ते विचारलं. महिन्यापुरती लावलेली गोष्ट वीसेक वर्षं चालली. मी आले तेव्हा ती निम्म्यावर होती.

दुपारी दीडला घरातल्या बाईची भांडी झालेली असतात आणि चहाला अजून अवकाश असतो. ती वेळ बाईंनी बरोबर पकडली होती. शिवाय दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायका मोबाइल मांडवाच्या तारेला अडकवून ऐकायच्या. रात्रपाळी करून आलेले पुरुष उशीत तोंड खुपसून ऐकायचे आणि आपण झोपलो होतो असं सांगायचे.

बाईंचा एक नियम होता. त्यांना स्वतःला तो नियम वाटत नसे, म्हणून त्यांनी तो कुणाला सांगितलाही नाही. ज्याचा त्याने ठेच खाऊन शिकायचा. बाहेर जी तारीख, तीच बिऱ्हाडात. सकाळी भाग लिहायचा, दहाला मुद्रित करायचा, दीडला लावायचा. बाहेर लाइट गेली असेल तर माईंच्या मिक्सरमध्ये चटणी अर्धी राहायची. बाजारात कांदा चढला की बिऱ्हाडात भजी बंद. सुनेला दिवस गेले तर पुरते नऊ महिने. इतर मालिकांत म्हणे बाळंतपणं चार भागांत उरकतात. बाईंकडे ती सोय नव्हती. सातव्या महिन्यात श्रोत्यांनी ओटीचं सामान पाठवलं आणि नवव्यात डिंकाचे लाडू. सुनेचं काम करणारी मुलगी अविवाहित होती आणि तिला डिंक आवडत नव्हता. ते लाडू आम्ही खाल्ले.

कुंभमेळ्याच्या वर्षी तर बाईंनी बिऱ्हाडात इतके पाहुणे उतरवले की माईक पुरेनात. नवे साहेब पुण्याहून आलेले, वयाने तरुण, स्वभावाने बरे. बाई त्यांना ‘साहेब’ म्हणत आणि ‘तू’ म्हणत. साहेबांनी दबकत विचारलं की मॅडम, इतकी माणसं खरंच लागतात का. बाईंनी उलट विचारलं, “साहेब, तुझ्या घरी कोण कोण आलंय?” साहेबांच्या घरी त्या आठवड्यात सासरची सगळी माणसं मुक्कामाला होती आणि साहेब स्वतः गॅलरीत झोपत होते. ते तसेच केबिनमध्ये गेले.

आता फोडणीचं सांगते, कारण माझी बाईंशी पहिली लढाई तिच्यावरून झाली. मालिकेची सुरुवात कुठल्या वाद्याने होत नसे. आधी तेल तापल्याची शांतता, मग मोहरी तडतडायची, मग चुर्र. त्यानंतर माईंचा आवाज. हे सगळं बाई रोज, माईकसमोर, त्या शेगडीवर खरोखर करायच्या. मिरचीच्या खाटाने नटांना ठसका लागायचा, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि खालचा मिठाईवाला वर येऊन विचारायचा की आज काय केलंय. मी म्हटलं, बाई, एकदा छान फोडणी रेकॉर्ड करून ठेवू, रोज तीच लावू, कुणाला कळणार आहे? बाईंनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला माझ्या आईची कीव आली.

“काल दिलेली फोडणी आज कशी चालेल?” त्या म्हणाल्या.

 यावरचं उत्तर मी अजून शोधते आहे. एकादशीला त्या तुपात जिरं टाकायच्या. त्याचा आवाज मोहरीपेक्षा हळू येतो आणि मला माझी बटणं वर करावी लागायची. मी कुरकुरले की त्या म्हणत, लोकांना कळतं. एकदा खरंच सिडकोतून एका आजींचा फोन आला की आज एकादशी आहे हे मी विसरलेच होते, तुमचं जिरं ऐकलं आणि हातातला घास खाली ठेवला. त्या एका फोनवर बाई पुढचं वर्षभर जगल्या. मलाही वर्षभर तोच फोन ऐकावा लागला.

आणि एकदा या फोडणीनेच आमचा प्राण कंठाशी आणला. त्या वेळी मालिकेला एका मसालेवाल्याची जाहिरात होती. फोडणीचा आवाज संपला की लगेच त्याच्या मसाल्याचं नाव यायचं. मसालेवाला खूश होता, साहेब खूश होते. मग बाईंनी आप्पांच्या त्र्यंबकेश्वरच्या चुलत्यांना मारलं. आप्पा म्हणजे माईंचे यजमान. हे चुलते फक्त बोलण्यात यायचे, त्यांचा आवाज कुणी कधी ऐकलेला नव्हता. ते गेले म्हणून कुणाचं काही अडायचं कारण नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या पळी न घेता. म्हणाल्या, सुतक आहे.

बाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचे धार्मिक विधी सांगायचं काम होतं, त्यामुळे या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे. सुतकात घरात फोडणी द्यायची नसते. तेव्हा दहा दिवस बिऱ्हाडातही नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला. मसालेवाल्याचा फोन आला, मग तो स्वतः आला. चपला त्याने बाहेर काढल्या हे विशेष. त्याचं म्हणणं साधं होतं. हे चुलते खोटे, हे घर खोटं, पण माझा मसाला खरा आहे. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, म्हणूनच तो सुतकाच्या घरात आणू नका, तुमच्याच मालाला दोष लागेल. मग त्यांनी त्याला घरी जाऊन आईला विचारून यायला सांगितलं.

तो खरंच विचारून आला. आईने काय सांगितलं ते त्याने आम्हाला सांगितलं नाही, पण कान लाल झाले होते. दहा दिवस मालिका नुसत्या भांड्यांच्या आवाजाने सुरू झाली आणि मसाल्याचं नाव गाण्यांच्या कार्यक्रमात गेलं. नांदगावकडून एका बाईंचा फोन आला, “माई, तुमच्या घरी फोडणी नाय आली चार दिस, तवाच वळखलं. लय वाईट झालं.” माझ्यासमोर बाईंनी तिच्याशी अर्धा तास चुलत्यांच्या आठवणी काढल्या. ते कसे पहाटे उठायचे, त्यांना भोपळा कसा चालत नसे. फोन ठेवल्यावर डोळे पुसले. मी म्हटलं, बाई, ते चुलते कधी नव्हतेच. त्या म्हणाल्या, म्हणून काय, गेले ते गेलेच.

अशा या बाई. भूमिका बदलायला त्यांचा सक्त विरोध. कुणी नट नोकरीनिमित्त गाव सोडून गेला तर त्याचं पात्रही त्याच गावी जायचं. दुसऱ्याच्या आवाजात तोच माणूस आणायचा, हे त्यांना चोरीसारखं वाटे. या हट्टापायी बिऱ्हाडातली तीन माणसं पुण्याला, एक भाचा दुबईला आणि एक मावशी लासलगावला स्थायिक झाली होती. जी दोन माणसं कधी कुठे गेली नाहीत ती माई आणि आप्पा.

आप्पांचं काम करणारे काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. उंच, सरळ, इस्त्रीचा शर्ट, स्कूटरवरून येत आणि हेल्मेट काखेत धरूनच आत शिरत. कारखान्याच्या नाटकांत त्यांनी राजे आणि खलनायक केले होते. आवाज असा की ‘चहा’ म्हणाले तरी काचेला कळायचं. आणि अशा माणसाला बाई एका भागात दोन, फार तर तीन वाक्यं द्यायच्या. माईच बोलायच्या. आप्पा हुंकार द्यायचे, पेपर उलटायचे. काका आपला कागद उलटा-पालटा करून विचारत, बाई, मागच्या बाजूला काही आहे का? बाई म्हणत, मागच्या बाजूला माझी वाक्यं आहेत. ही त्यांची रोजची गंमत होती. पण माझ्या कानात हेडफोन असायचे, म्हणून सांगते, काकांच्या त्या हुंकारांत जे होतं ते दुसऱ्या कुणाच्या लांब भाषणांत नव्हतं. बाईंना ते माहीत होतं. त्यांना ते कधी सांगायचं नव्हतं.

एका सोमवारी काका आले नाहीत. काकूंचा फोन आला. अर्धांगाचा झटका, उजवा हात गेला आणि वाचा गेली.

साहेबांनी चांगल्या मनाने दोन रस्ते सांगितले. आवाजाची नक्कल करणारा एक जण शोधू, नाहीतर आप्पांना मानाने निरोप देऊ. दवाखान्यातून थेट आलेल्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. चष्मा काढून ठेवला होता.

“घरातलं माणूस आजारी पडलं तर तू दुसरं आणतोस का, साहेब?” त्यांनी विचारलं. “आणि आजारी आहे म्हणून मारून टाकतोस?”

त्याच दुपारी बिऱ्हाडातले आप्पाही दवाखान्यात गेले. सून, नातू, माई दवाखान्याच्या बाकावर बसून बोलायची, आप्पा आतल्या खोलीत. फोन करणारा प्रत्येक जण विचारायचा, आप्पा बोलायला लागले का? बाई खरं तेच सांगायच्या. नाही, अजून नाही.

काका घरी आले. त्यांना सगळं कळत होतं, बोलता येत नव्हतं. मग एक दिवस दोन शब्द परत आले. ‘असू दे.’ तेवढेच. काकूंनी पाणी हवं का विचारलं, तर असू दे. पंखा लावू का, असू दे. मुलीचा फोन आलाय, असू दे. काकू हसत हसत सांगायच्या आणि मध्येच रडायच्या. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, असं होतं, एखाद-दुसराच शब्द जिभेवर बसतो, मनात वेगळं असलं तरी तोंडातून तोच येतो. त्यांच्याशी बोलत राहा, त्यांनी प्रयत्न सोडता कामा नये.

हे ऐकून बाई काकांच्या घरून आल्या त्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. म्हणाल्या, पुरे आहे, एवढ्यावर काम होतं. काकूंनी काकांना विचारलं की स्टुडिओत जायचं का. उत्तर अर्थातच असू दे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसले होते. डाव्या हाताने लावलेली बटणं एक घर वर गेली होती. काकूंनी ती नीट केली आणि रिक्षा बोलावली.

आणि बाईंनी कमाल केली. जी बाई वीस वर्षं एका माणसाला दोन वाक्यं देताना हात आखडत होती, तिने त्या दोन शब्दांभोवती घर पुन्हा बांधलं. नातू नापास होऊन यायचा, सगळे त्याला बोलायचे, शेवटी तो आप्पांच्या पायाशी बसायचा. असू दे. सुनेच्या हातून लग्नातली बरणी फुटायची. असू दे. माई आणि शेजारीण कचऱ्याच्या गाडीवरून हमरीतुमरीवर यायच्या आणि आतून आवाज यायचा, असू दे. काकांचा तो पहिला आवाज आता राहिला नव्हता, शब्द जरा घसरायचे. काचेला आता कळायचं नाही, पण ऐकणाऱ्याला कळायचं. पहिल्याच भागाला मी टेबलावर बसून रडले, हे लपवण्यात अर्थ नाही; मिरचीचा खाट म्हणावं तर त्या दिवशी फोडणीही नुसती जिऱ्याचीच होती.

श्रोत्यांनी ते शब्द उचलले. रिक्षावाले सिग्नलला म्हणायला लागले. एका दागिन्यांच्या दुकानाला ते जाहिरातीसाठी हवे होते, भाव कितीही असू दे वगैरे. साहेब हरखून बाईंकडे आले. बाई नाही म्हणाल्या. साहेबांनी कारण विचारलं.

“त्यांच्याकडे दोनच शब्द आहेत. तेही विकायला काढू?”

इथवर सगळं ठीक होतं. पण बाईंना ते पुरेना. त्यांना काकांकडून नवा शब्द हवा होता. व्यायामवाल्या मुलीने सांगितलं होतं ना, प्रयत्न सोडता कामा नये. झालं, बाईंनी ते व्रतच घेतलं. लिहिलेल्या भागात त्या मध्येच असा प्रश्न घुसवायला लागल्या, ज्याला असू दे हे उत्तर बसूच नये. अहो, चहा की कॉफी? असू दे. आज वार कोणता? असू दे. नातवाचं नाव काय ठेवलं होतं आपण? काका ओठ जुळवायचे, कपाळावर आठ्या यायच्या, आणि असू दे. एकदा तर बाईंनी हद्द केली. गच्चीवरच्या कुंडीत माईंना विंचू चावला. माई किंचाळल्या, अहो, विंचू चावला हो, काय करू? त्यावर अत्यंत शांत आवाजात, असू दे.

सुनेचं काम करणारी मुलगी आधी हसत सुटली, मग मी, मग दाराशी बसलेल्या काकू. काकांच्याही डोळ्यांतून हसून पाणी आलं. तो भाग तसाच लागला आणि विंचवावरचे घरगुती उपाय सांगणारे फोन संध्याकाळपर्यंत येत होते. मात्र हसणं संपल्यावर काकांनी डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर जोरात गुद्दा मारला. मग आणखी एक. त्यांना विंचवाच्या प्रश्नाला काहीतरी वेगळं म्हणायचं होतं आणि ते आलं नव्हतं. बाईंनी तो गुद्दा पाहिला. त्या दिवशी त्या परत जाताना पिशवी विसरल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वरून निर्णय आला. स्टेशनची मालकी बदलली होती. दुपारची वेळ आता गाण्यांना, आणि गाणी संगणक लावणार. महिनाअखेर बिऱ्हाड बंद. साहेब सांगायला आले. त्यांनी चपला काढल्या आणि दाराशीच उभे राहिले. बाई मालिकेसाठी भांडल्या नाहीत, याचं मला नवल वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस आहेत? मला नंतर म्हणाल्या, “मालिका काय, झाली इतकी वर्षं. पण माईकसमोर बसलं की ते प्रयत्न करतात. घरी कोण त्यांना रोज नवा प्रश्न विचारणार? एक शब्द आला पाहिजे गं. एक आला की पुढचे येतील.”

मग महिनाभर त्यांनी काय काय लिहिलं. देवांची नावं, गावांची नावं, त्यांच्या स्कूटरचा रंग. काका घामाघूम व्हायचे. शेवटच्या आठवड्यात काकू मला जिन्यात म्हणाल्या की आता बाईंना सांग, पुरे, रात्री ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी बाईंना सांगितलं.  आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं पेन परत दिलं.

शेवटच्या भागात त्यांनी काकांना काहीच कठीण विचारलं नाही. हार मानली होती आणि ती कागदावर दिसत होती. घरातली सगळी लग्नाला गेलेली, माई आणि आप्पा दोघंच गच्चीवर. माई मागचं बोलतात. शेवटी आप्पांचे ते नेहमीचे दोन शब्द, आणि संपलं. म्हणजे चुकायला जागाच नव्हती. काका बसले, काकूंनी त्यांच्या मांडीवर रुमाल ठेवला, मी लाल दिवा लावला.

बाई कागदावरून वाचत होत्या, पण आवाज माईंचा राहिला नव्हता.

“अहो, इतकी वर्षं मीच बोलत आले. तुम्हाला बोलू दिलं नाही. तुमची वाक्यं मी खाल्ली. आता दमले मी. आता गप्प बसते.”

आणि त्यांनी काकांकडे पाहिलं. मी शेवटच्या बटणावर बोट ठेवून तयार होते.  काकांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. डावा हात टेबलावर घट्ट दाबलेला. मला वाटलं, आज तेही दोन शब्द गेले. काकू दाराशी उठून उभ्या राहिल्या.

“बोल,” काका म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. मग आपण काय म्हणालो ते त्यांचं त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान वर केली आणि पुन्हा म्हणाले, “बोल.”

कागदावर पुढे काही नव्हतं. बाईंनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. जिला कधी शब्दाला अडलेलं मी पाहिलं नव्हतं, ती बाई नुसती तोंड उघडं ठेवून बसली होती आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं. मी दिवा विझवला नाही. काचेपलीकडे साहेब उभे होते, त्यांनीही घड्याळाकडे बोट केलं नाही. मग बाईंनी नाक पुसलं आणि बोलायला सुरुवात केली. आज रिक्षा कुठे अडली, मेथी कशी निघाली, रात्री झोप कशी लागली नाही. माईंचं काही नव्हतं त्यात. वेळ संपून गेली तरी त्या बोलत होत्या आणि काका ऐकत होते. भाग मी तसाच लावला, पुढच्या जाहिराती गिळून.

त्याने बिऱ्हाड वाचलं वगैरे नाही. पुढच्या सोमवारपासून दुपारी गाणी लागली, ती अजून लागतात, चांगली असतात. मी दुसरीकडे नोकरी धरली. बाई आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. रविवार सोडून रोज दीडच्या ठोक्याला त्या इंदिरानगरला काकांच्या घरी जाऊन बसतात आणि प्रश्न विचारतात.

परवा काकू बाजारात भेटल्या. म्हणाल्या, बरीच सुधारणा आहे, हल्ली लहान लहान वाक्यंसुद्धा बोलतात. मी विचारलं, बाईंशी काय बोलतात? काकू हसायला लागल्या. म्हणाल्या, बाई उठून गेल्यावर बोलतात; त्या असेपर्यंत त्यांना बोलायला मिळतंय कुठे.